तंट्या भिल्ल : दप्तरातला आणि लोकमनातला

इंदूरहून महूमार्गे खांडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी महू सोडल्यानंतर थोड्याच वेळात माळव्याच्या पठाराच्या अगदी काठाशी येत असे. तेथे पाताळपाणी हे लहानसे स्थानक आहे. त्याच्यापुढे विंध्याचा कडा एकाएकी तुटतो, चोरल नदीचे पाणी सुमारे तीनशे फूट खोल कोसळते आणि लोहमार्ग बोगद्यांतून व वळणांतून निमाडाकडे उतरू लागतो. घाट उतरण्यापूर्वी प्रत्येक गाडी येथे काही क्षण थांबत असे. ती का थांबते असे सहप्रवाशांना विचारले, तर ‘मामाला सलामी द्यायला’ असे उत्तर मिळे. स्थानकाजवळच त्या मामाचे ठाणे आहे. लोक तेथे नारळ फोडतात, नवस बोलतात आणि फेडतात. हा मामा म्हणजे तंट्या भिल्ल. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरच्या तुरुंगात इंग्रज सरकारने त्याला दरोडेखोर म्हणून फाशी दिली.

गाडी थांबण्याचे रेल्वेच्या दप्तरातले कारण निराळे आहे. पाताळपाणी ते कालाकुंड हा उतार चाळीस फुटांत एक फूट इतका तीव्र असल्याने तो उतरण्याआधी ब्रेक तपासणे आवश्यक असे, आणि त्या तपासणीसाठी गाडी थांबे. दोन्ही उत्तरे वर्षानुवर्षे एकाच फलाटावर शेजारी शेजारी नांदली. तपासणी करणाऱ्यांना ब्रेक ठाऊक होता, हात जोडणाऱ्यांना मामा ठाऊक होता, आणि गाडी दोघांसाठीही थांबत होती. रुंदीकरणासाठी २०२३ मध्ये या मार्गावरची जुनी नियमित वाहतूक बंद झाली. श्रद्धा मात्र त्या ठाण्यापाशी टिकून आहे.

इतिहासाच्या अभ्यासकासमोर तंट्याचा प्रश्न नेमका या फलाटावरच्या दोन उत्तरांसारखा उभा राहतो. एक तंट्या दप्तरातला, दुसरा लोकमनातला. पहिल्याला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तसे केल्याने हाती फारसे काही लागत नाही. दंतकथा घटनेचा पुरावा नसली, तरी ती ज्यांनी जपली त्यांच्या दुःखाचा पुरावा असते. तंट्याच्या बाबतीत हा दुसरा पुरावा विशेष मोलाचा आहे. कारण पहिल्या प्रकारचा जवळजवळ सगळा पुरावा त्याच्या विरोधकांनी लिहिलेला आहे.

सीमेवरचा मुलूख

विंध्य आणि सातपुडा यांच्यामध्ये नर्मदेच्या काठाने पसरलेला पट्टा म्हणजे निमाड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशावर एकच सत्ता नव्हती. खांडवा, बऱ्हाणपूर हा पूर्व निमाड १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्यप्रांतात १८६४ पासून समाविष्ट होता. पश्चिमेकडील खरगोण-मंडलेश्वरचा मोठा भाग होळकरांचा. त्याच्या बाजूला बडवानीचे स्वतंत्र संस्थान. दक्षिणेला सातपुडा ओलांडला की मुंबई इलाख्यातला खानदेश लागे, आणि आग्नेयेस निजामाच्या नावावरचा परंतु इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड. एका रात्रीच्या चालीत माणूस दोन-तीन राज्यांच्या हद्दी ओलांडू शकत असे. पोलीस शिपायाला मात्र तसे करता येत नव्हते. दुसऱ्या हद्दीत पाऊल ठेवण्यापूर्वी त्याला पत्रव्यवहार करावा लागे, आणि तो पोहोचेपर्यंत माग थंड होऊन जाई.

या डोंगराळ मुलखात भिल्लांचे स्थान जुने आहे. घाटवाटांची राखण करणे, वाटसरूंना सोबत देणे, गावची चौकीदारी करणे आणि त्याबद्दल ठरलेले हक्क घेणे ही त्यांची परंपरागत वहिवाट होती. सत्तेची घडी विस्कटली आणि हे हक्क बुडाले की हीच माणसे वाटमारीकडे वळत. १८१८ च्या मंदसोर तहाच्या काळात माळव्यात असलेल्या जॉन माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य भारतावरील आपल्या ग्रंथात भिल्लांविषयी विस्ताराने लिहिले. खानदेशात १८२५ मध्ये जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्लांची पलटण उभी राहिली. भिल्लांना शिपाई करावे, शेतकरी करावे, स्थिर करावे असे नव्या राज्यकर्त्यांचे धोरण होते. ते काही प्रमाणात यशस्वीही झाले. परंतु ज्याला शेतकरी केले त्याच्या शेताचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या धोरणात सुटलेला नव्हता.

तो प्रश्न १८६० नंतर तीव्र झाला. त्यामागे एक कारण थेट अमेरिकेतून आले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेश, वऱ्हाड, निमाड येथील कापसाला अभूतपूर्व भाव आला. याच दशकात जी. आय. पी. रेल्वे खांडव्यापर्यंत पोहोचली आणि १८७० मध्ये मुंबई-जबलपूर मार्ग पूर्ण झाला. जमिनीला किंमत आली, तशी जमिनीवर कर्ज देणारा सावकारही आला. युद्ध संपले, भाव उतरले. कर्ज मात्र उतरले नाही. मध्यप्रांतातील मालगुजारी पद्धतीने गावचा सारा गोळा करणाऱ्याला मालकीचे हक्क दिले होते, दिवाणी न्यायालयांनी कर्जरोख्याला बळ दिले होते, आणि १८६५ व १८७८ च्या जंगल कायद्यांनी रानातल्या लाकडावर, चराईवर व फिरत्या शेतीवर बंधने घातली होती. ज्याला अक्षरओळख नाही, ज्याचा व्यवहार शब्दावर चालतो, त्याच्या विरुद्ध आता कागद बोलू लागला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून त्यांची होळी केली, ती याच दुखण्यातून. निमाडात त्याच दुखण्याने एका माणसाचे रूप घेतले.

दप्तरातला तंट्या

तंट्याचा जन्म १८४२ च्या सुमारास पूर्व निमाडात, पंधाना परिसरातील बडदा या गावी झाला असे सामान्यतः मानले जाते. वडिलांचे नाव भाऊसिंग. ‘तंट्या’ हे नाव मराठी कानाला लगेच कळते. तंटा करणारा तो तंट्या. हे नाव त्याला मिळाले तेव्हा त्याचा तंटा जमिनीपुरताच होता. सारा थकल्याने वडिलोपार्जित जमीन गेली. पोखर गावच्या पाटलाबरोबर भागीत असलेल्या जमिनीवर त्याने हक्क सांगितला, तोही नाकारला गेला. प्रकरण कचेरीत गेले आणि तेथे कागद पाटलाच्या बाजूने उभा राहिला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर मारामारी, मग फिर्याद, मग तुरुंग. १८७४ च्या सुमारास ‘वाईट मार्गाने उपजीविका करणारा’ या आरोपाखाली त्याला वर्षभराची शिक्षा झाली.

या आरोपाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. त्यात अमुक दिवशी अमुक चोरी केली असे सिद्ध करण्याची गरज नसे. माणूस संशयास्पद आहे, एवढे पुरे होई. अशी शिक्षा भोगून आलेल्या भूमिहीन भिल्लाला पुन्हा गावात कोण थारा देणार? पुढे गावात चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावरच. सुटून आल्यावर तंट्याने काही काळ होळकरांच्या हद्दीत मोलमजुरी करून पाहिली, परंतु जुने वैर आणि पोलिसांची नजर या दोहोंनी त्याचा पिच्छा पुरवला. १८७८ मध्ये तो पुन्हा पकडला गेला आणि खांडव्याच्या तुरुंगात कोंडला गेला. तीनच दिवसांत काही साथीदारांसह भिंत ओलांडून तो निसटला. त्यानंतर अकरा वर्षे तो सरकारच्या हाती लागला नाही.

या अकरा वर्षांत खांडवा, होशंगाबाद, बैतूल, एलिचपूर, खानदेश आणि होळकरी मुलूख एवढ्या टापूत त्याचे नाव गाजत राहिले. सावकार, मालगुजार, पाटील यांची घरे लुटणे, धान्याची कोठारे फोडणे, आग लावणे, खबर देणाऱ्यांना जबर शिक्षा करणे अशा घटनांची दप्तरात नोंद होत गेली. बिजन्या, दौल्या यांसारखे त्याचे जवळचे साथीदार एकेक करून पकडले गेले आणि त्यांना शिक्षा झाल्या. तंट्या मात्र एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत सरकत राहिला. त्याच्या शौर्याची आणि चपळाईची जी वर्णने आहेत ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु त्याला अकरा वर्षे वाचवले ते प्रामुख्याने दोन गोष्टींनी. एक, राज्याराज्यांमधली सीमा. दुसरी, गावोगावच्या गरीब माणसाचे मौन. कोणत्याही सरकारी इनामाने ते मौन बराच काळ फुटले नाही.

शेवटी ते फुटले ते नात्याच्या आडून. बनेर येथील गणपत नावाच्या माणसाच्या पत्नीला तंट्याने बहीण मानले होते. १८८९ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेला, तंट्या राखी बांधून घ्यायला तिच्याकडे आला आणि गणपतच्या फितुरीने पकडला गेला. त्याला पकडण्यात होळकरांच्या सैन्यातील अधिकारी ईश्वरीप्रसाद यांचा पुढाकार होता. इंदूरच्या रेसिडेन्सीत, मध्य भारत एजन्सीच्या तुरुंगात त्याला ठेवण्यात आले. नंतर कडक बंदोबस्तात जबलपूरला नेण्यात आले. १९ ऑक्टोबर १८८९ रोजी तेथील सत्र न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. १० नोव्हेंबर १८८९ च्या अंकात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याची वार्ता छापली आणि त्याला हिंदुस्थानचा रॉबिनहूड म्हटले. निमाडच्या एका भिल्लाची गोष्ट अशी त्याच्या जिवंतपणीच अमेरिकेच्या वाचकांपर्यंत पोहोचली. त्यानंतर महिना पुरा होण्याआधी तो फासावर चढला.

मामा

लोकमनातला तंट्या याच घटनांतून उभा राहिला, परंतु त्याची घडण वेगळी आहे. तेथे त्याला दरोडेखोर म्हणत नाहीत आणि बहुधा वीरही म्हणत नाहीत; तो मामा आहे. या एका शब्दात पुष्कळ अर्थ साठला आहे. मराठी घरांत मामा भाचीला बोहल्यापर्यंत घेऊन येतो. निमाडात आणि भिल्लांत लग्नाला मामाने आहेर आणण्याची रीत आहे. मामा म्हणजे आईच्या बाजूचा आधार. बापाचे घर कर्जात बुडाले तर ज्याच्याकडे तोंड करावे असा माणूस. तंट्याने शेकडो गरीब मुलींची लग्ने लावून दिली असे लोक सांगतात. या आकड्याचा शोध घेण्यात अर्थ नाही. सावकाराकडून लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी कुटुंबेच्या कुटुंबे वेठीला बांधली जात होती, अशा मुलखाने आपला नायक लग्नाचा खर्च करणारा मामा म्हणून कल्पिला, यातच त्या काळाचे सारे अर्थशास्त्र आले.

दुसरी कथा त्याच्या सर्वव्यापीपणाची. तंट्या एकाच वेळी सतराशे गावांत हजर असे, असे म्हणतात. तिसरी कथा न्हाव्याची: तंट्याला धरण्याच्या बढाया मारणाऱ्या पोलीस अंमलदाराची हजामत करायला एक न्हावी येतो, गप्पांत तंट्याचा विषय काढतो, आणि वस्तरा नाकाशी आल्यावर आपणच तंट्या असल्याचे सांगून अंमलदाराचे नाक छाटून पसार होतो. नाक कापणे म्हणजे अब्रू घेणे. ज्यांची अब्रू कचेरीच्या पायरीवर रोज जात होती, त्यांनी ती या कथेत व्याजासह वसूल केलेली दिसते. चौथी कथा तात्या टोपे यांच्याशी जोडलेली आहे. १८५८ च्या नोव्हेंबरात तात्या टोपे नर्मदा ओलांडून खरगोणच्या बाजूने गेले, ही इतिहासातली घटना. तेव्हा कोवळ्या वयाच्या तंट्याने त्यांच्याकडून गनिमी काव्याचे धडे घेतले, ही लोककथा. इंग्रजी कागदांत दोघांचेही नाव एकाच पद्धतीने ‘तांतिया’ असे लिहिले जाई, हेही येथे लक्षात ठेवावे. नावाच्या सारखेपणाने दोन माणसांना गुरुशिष्य केले असण्याचा संभव मोठा आहे.

पाताळपाणीच्या ठाण्याची कथा या सर्वांत खोल आहे. फाशीनंतर तंट्याचा देह येथे लोहमार्गाजवळ आणून टाकला, अशी श्रद्धा आहे. जबलपूरहून एवढ्या दूर तो आणण्याचे सरकारला काय प्रयोजन होते, हे सांगणे कठीण आहे. तरी या जागेची निवड अकारण झालेली दिसत नाही. इंदूरहून जबलपूरला जाण्याचा त्या काळचा जवळचा लोहमार्ग याच घाटातून खांडव्यावरून जात होता. हा घाटमार्ग बांधला गेला तो तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून, आणि इंदूरपर्यंतची वाहतूक सुरू झाली १८७८ मध्ये. म्हणजे तंट्या खांडव्याच्या तुरुंगातून निसटला त्याच वर्षी. बंदोबस्तात नेला जाणारा तंट्या याच वाटेने निमाडाकडे शेवटचा उतरला असावा, असा तर्क करता येतो. त्याच्या माणसांनी त्याला शेवटचा पाहिला तो येथे, म्हणून स्मारकही येथे. अकाली मरण आलेल्यांसाठी शिळा अथवा लाकडी प्रतिमा उभारून त्यांना देवत्व देण्याची भिल्लांची जुनी रीत आहे. न्यायालयाने ज्याचे नाव गुन्हेगारांच्या यादीत घातले, त्याचे नाव समाजाने आपल्या रीतीने पूर्वजांच्या यादीत घातले.

लोकगीते आणि लोककथा यांचीही एक मर्यादा आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. ज्यांची घरे लुटली गेली, ज्यांच्या गंजी जळल्या, ज्यांना खबर दिल्याच्या संशयावरून शिक्षा भोगावी लागली, त्यांची बाजू मामाच्या गाण्यात येत नाही. ती दप्तरातच शोधावी लागते. दप्तर एकतर्फी आहे म्हणून ते फेकून देता येत नाही. गाणे प्रिय आहे म्हणून त्यालाच साक्षीदार मानता येत नाही.

डेव्ही क्रॉकेट आणि तंट्या

सीमेवरच्या माणसाचा लोकनायक होणे ही गोष्ट निमाडपुरती नाही. अमेरिकेच्या टेनेसी प्रांतात १७८६ मध्ये जन्मलेला डेव्ही क्रॉकेट हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण. रानातला शिकारी, सैनिक आणि पुढे अमेरिकन काँग्रेसचा सभासद, अशी त्याची कारकीर्द. ६ मार्च १८३६ रोजी टेक्सासमधील अलामोच्या गढीत मेक्सिकन सैन्याशी झालेल्या लढाईत त्याचा शेवट झाला. तो लढता लढता पडला की पकडला जाऊन मारला गेला, यावर तेथील अभ्यासकांत आजही वाद आहे. नायकाच्या मृत्यूचा तपशील वादग्रस्त राहणे हे जणू दंतकथेचे लक्षणच म्हणावे.

क्रॉकेटची दंतकथा मात्र छापखान्यात तयार झाली. १८३४ मध्ये त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १८३५ पासून वीसेक वर्षे त्याच्या नावाने पंचांगवजा वार्षिके निघत राहिली आणि त्यांतला क्रॉकेट धूमकेतूचे शेपूट पिरगळण्यापर्यंत मजल मारू लागला. १९५४-५५ मध्ये वॉल्ट डिस्नेच्या दूरदर्शन मालिकेने त्याला पुन्हा घराघरात नेले. तंट्याजवळ आत्मचरित्र नव्हते, छापखाना नव्हता, लिहिता हातही नव्हता. त्याचा एकही शब्द त्याने स्वतः लिहून ठेवलेला नाही. त्याची कीर्ती हाटबाजारातून, लग्नाच्या मांडवातून आणि रात्रीच्या शेकोट्यांवरून पसरली. म्हणूनच तिच्यात कथनकाराचे नाव नाही आणि विक्रीचा हिशेबही नाही.

याहून महत्त्वाचा फरक दुसरा आहे. क्रॉकेट हा पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतीचा नायक. वसाहत पुढे सरकली ती तेथील मूळ रहिवाशांच्या भूमीवर. तंट्या उलट बाजूचा. ज्यांच्या रानावर आणि शेतावर नवी व्यवस्था चालून आली, त्यांच्यापैकी तो एक. तरीही १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हुसकावण्याचा कायदा आला, तेव्हा क्रॉकेटने त्याला विरोध केला होता, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. शिकाऱ्याची टोपी आणि बंदूक लोकांच्या लक्षात राहिली. हे मत मात्र बराच काळ मागे पडले. लोकप्रियता नायकाला मोठे करते, पण त्याच्या चरित्रातला अडचणीचा भाग अलगद बाजूलाही करते. तंट्याच्या बाबतीत हा इशारा उपयोगी पडावा.

इंग्रज इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात अशा नायकांना ‘सामाजिक बंडखोर दरोडेखोर’ या वर्गात घालून त्यांची समान लक्षणे सांगितली. अन्यायाने तो रानात ढकलला जातो, श्रीमंताकडून घेऊन गरिबाला देतो, त्याला कोणी पकडू शकत नाही आणि त्याचा अंत केवळ विश्वासघातानेच होतो. महाराष्ट्रात ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक फितुरीनेच सापडले. तंट्याची राखीपौर्णिमा याच मालिकेतली. वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये रामोशांना हाताशी धरून केलेले बंड आणि तंट्याचे बंड एकाच सुमाराचे. परंतु फडक्यांनी आपला हेतू जाहीरनाम्यातून सरकारला कळवला. तंट्याचा हेतू त्याच्या कृतींवरूनच ताडावा लागतो. तो राज्य उलथवायला निघाला होता असे म्हणण्यास आधार अपुरा आहे. तो सावकाराशी आणि पाटलाशी भांडायला निघाला. त्यांच्या पाठीशी पोलीस, कचेरी आणि सरकार उभे असल्याचे त्याला वाटेत आढळले. स्थानिक तंटा राज्यविरोधी लढा होण्याची ही वाट आहे, आणि ती तशीच नोंदवण्यात तंट्याचा कोणताही अवमान नाही.

इंदूरचे उत्तरदायित्व

या कथेत इंदूर कोठे आहे? इंदूरचे स्थान या कथेच्या केंद्राशी आहे आणि ते अवघडलेले आहे. होळकरी हद्दीने तंट्याला अनेक वर्षे आसरा दिला. गादीवर शिवाजीराव होळकर असताना, १८८९ मध्ये, होळकरी अधिकाऱ्याच्या हातून तो पकडला गेला आणि इंदूरच्या रेसिडेन्सीतून त्याची रवानगी झाली. एका सीमेने त्याला वाचवले होते. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सत्तांचे एकमत होताच तो संपला. संस्थानापुढे त्या वेळी फारसा पर्याय नव्हता हे खरे. रेसिडेंटाच्या इच्छेविरुद्ध एका फरारीला पाठीशी घालणे कोणत्याही संस्थानिकाला परवडणारे नव्हते.

होळकरी कारभाराची भाषा मराठी होती आणि तिची लिपी मोडी. हिशेब, हुकूम, सनदा, महसुलाची खाती या भाषेत लिहिली गेली. इंदुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक जण पिढ्यान्पिढ्या याच कारभाराच्या आधाराने नांदले, शिकले आणि त्यांनी ग्रंथालये, सभा, नाट्यमंडळ्या उभ्या केल्या. म्हणजे तंट्याच्या गोष्टीत मराठी भाषा दोन्ही बाजूंना आहे. त्याच्या नावातला ‘तंटा’ मराठी आहे आणि ज्या कारभारी कागदाच्या जगाशी त्याचे जमले नाही, तेही काही अंशी मराठी आहे. निमाडच्या बाजारात आणि खानदेशच्या वाटेवर भिल्ली, निमाडी, अहिराणी आणि मराठी एकमेकींत मिसळलेल्या आहेत; लोककथेने ही मिसळण सहज स्वीकारली. सुशिक्षित वाङ्मयाला तेथे पोहोचायला बराच वेळ लागला. मराठीत बाबा भांड यांनी ‘तंट्या’ ही कादंबरी लिहून ही उणीव काही अंशी भरून काढली.

अलीकडच्या काळात तंट्याला राजमान्यता भरपूर मिळाली. ४ डिसेंबर २०२१ रोजी, त्याच्या बलिदानदिनी, पाताळपाणी येथे त्याच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २०२४ मध्ये खरगोण येथे ‘क्रांतिसूर्य टंट्या भील विश्वविद्यालय’ स्थापन झाले. ज्याला अक्षरओळख नसल्यामुळे कागदाने हरवले, त्याच्या नावाने विद्यापीठ उभे राहावे ही काळाची मोठी भरपाई आहे. निमाडच्या पाड्यांवरची मुले त्या विद्यापीठातून पदव्या घेऊन बाहेर पडतील, तेव्हा ती भरपाई अधिक खरी होईल.

मात्र गौरवाबरोबर एक धोकाही येतो. पुतळ्याला कर्ज नसते, जमीन नसते, कचेरीत हेलपाटे नसतात. फोटोला हार घालताना सारा, गहाणखत, जंगलबंदी आणि संशयावरून झालेली ती पहिली शिक्षा विस्मृतीत गेली, तर तंट्या क्रांतिसूर्य होईल, पण मामा राहणार नाही. लोककथेने त्याला मामा म्हणून जपले ते त्याच्या पराक्रमासाठी जितके, तितकेच अडचणीच्या वेळी दारात उभे राहण्याच्या त्याच्या आठवणीसाठी.

म्हणून तंट्याचा इतिहास लिहिणाऱ्याला तीन ठिकाणी जावे लागेल. न्यायालयाच्या आणि एजन्सीच्या इंग्रजी कागदांकडे, होळकरी अमदानीच्या मोडी रुमालांकडे आणि निमाडच्या वृद्ध गायकांच्या ओट्यावर. पहिल्या दोन ठिकाणचे कागद कपाटात सुरक्षित राहू शकतात. तिसऱ्या ठिकाणचे भांडार माणसाबरोबर जाते. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेला या फरकाची जाणीव सर्वांत आधी व्हावी. भिल्ली आणि निमाडी गाणी, त्यांच्या चाली, त्यांतली गावांची नावे ध्वनिमुद्रित होऊन आणि देवनागरीत उतरून ग्रंथालयाच्या फडताळात आली, तर ज्याने स्वतः एक अक्षर लिहिले नाही, त्याची बाजूही वाचकाला कपाट उघडून वाचता येईल. दप्तरातल्या तंट्याला आणि लोकमनातल्या मामाला एकाच टेबलावर शेजारी ठेवण्याचे हे काम इंदूरकडे आलेले आहे. कारण ते दोघे ज्या घाटवाटेने शेवटचे एकत्र गेले, ती या शहरापासून काही कोसांवरच आहे.